हमालीचा हिशेब

इमारतीच्या सामानाच्या दुकानांतून सिमेंट, सळई किंवा फरशी घरीं आणिली म्हणजे पावतीच्या अगदीं तळाशीं, मालाची किंमत व कर यांच्या खालीं, एक लहानशी ओळ असते. तिच्यांत ‘हमाली’ एवढाच शब्द व त्यापुढें एक आंकडा. सिमेंटच्या भावाबद्दल दुकानदाराशीं फारसें न बोलणारे गृहस्थहि या ओळीवर येऊन थांबतात आणि पांच-पन्नास रुपयांसाठीं घासाघीस करितात. मागच्या वेळीं एवढी नव्हती, ही दरवर्षीं वाढते कशी, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे; मात्र त्याचें उत्तर दुकानदाराच्या गल्ल्यांत सांपडत नाहीं. तें शोधावयाचें तर मोंढ्यापासून निघून सिमेंटच्या कारखान्यांत व तेथून उसाच्या फडापर्यंत फिरून यावें लागतें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींचे वडील अशी पावती लिहितात, कांहींचे ती भरतात, आणि कांहींचें घर त्या शेवटच्या ओळींतील पैशावर चालतें. म्हणून हा विषय या अंकासाठीं आम्हीं मुद्दाम निवडिला आहे.

प्रथम काम काय असतें तें पाहूं. सिमेंटचें पोतें ५० किलोचें. मालमोटार दुकानाच्या दारीं लागली कीं तें उतरवून कोठारांत थप्पीस लावावें लागतें. ही पहिली उचल. गिऱ्हाईक आलें म्हणजे थप्पीवरून काढून टेंपोंत भरावें लागतें, ही दुसरी. बांधकामाच्या जागीं तें पुनः उतरवून ओल लागणार नाहीं अशा ठिकाणीं रचून ठेवावें लागतें, ही तिसरी. (उचल हा शब्द आम्ही येथें ओझें उचलणें या साध्या अर्थीं योजीत आहों. आमच्या जिल्ह्यांत त्याचा दुसराहि एक अर्थ घरोघर ठाऊक आहे. तो पुढें येईलच.) हजार चौरस फुटांच्या पक्क्या घरास ठोकळमानानें चारशें पोतीं सिमेंट लागतें. चारशें पोत्यांचे वीस टन होतात, आणि तीन उचलींचें मिळून साठ टन ओझें माणसांच्या पाठीवरून जातें, तेव्हां कोठें गवंड्याच्या थापीवर त्यांतला कण येतो.

सळईचें काम निराळें. तिची लांबी बहुधा १२ मीटर. पुढें एक व मागें एक अशीं दोन माणसें असल्यावांचून ती वळणावरून नेतां येत नाहीं. तिचें वजन काढण्याची एक सोपी रीति दुकानांतील काट्यावरच्या माणसास तोंडपाठ असते. सळईचा व्यास मिलिमीटरमध्यें घेऊन त्याचा वर्ग करावा व त्यास १६२ नें भागावें, म्हणजे एका मीटरचें वजन किलोमध्यें निघतें. १२ मिलिमीटरच्या सळईस ही रीति लावून पाहा: १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारें ०.८८९ किलो, आणि सबंध सळई सुमारें १०.६७ किलो. वाळू व खडी ब्रासच्या मापानें मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाळू असेल तर त्याचें वजन सुमारें साडेचार टन. घमेल्यांत १५ किलो मावते असें धरिलें तर एका ब्रासचीं ३०० घमेलीं झालीं. फरशी व लाद्या यांस बळापेक्षां जपणूक अधिक लागते. एक खोका हातून सुटला तर त्या दिवसाची मजुरी फुटली म्हणून समजावें.

या कामाचे पैसे देण्याच्या दोन रीति आहेत. एक रोजंदारी, व दुसरी पोत्यामागें ठरलेला दर. वरवर पाहतां दोहोंत फरक थोडा वाटतो, परंतु सगळा विषय येथेंच समजून घ्यावयाचा आहे. समजा, चार हमालांची एक टोळी आहे व प्रत्येकाचा रोज ५०० रुपये आहे. (हे आंकडे उदाहरणापुरते आहेत, आपापल्या गांवचा दर विद्यार्थ्यांनीं स्वतः विचारून घालावा.) दुकानदारास दिवसाचे २,००० रुपये द्यावे लागले. त्या दिवशीं चारशें पोत्यांची एक गाडी आली असेल तर पोत्यामागें ५ रुपये खर्च पडला. दोन गाड्या आल्या तर अडीच रुपये. गाडी अर्धीच भरून आली, दोनशेंच पोतीं उतरलीं, तर १० रुपये. रोज तोच, माणसें तींच, आणि पोत्यामागचा खर्च अडीचपासून दहापर्यंत फिरला. मजुरीचा दर व मजुरीचा खर्च या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें या एका उदाहरणांत दिसून येतें. बीड शहरांतल्या मोठ्या दुकानांत रोज गाडी लागते. पाटोदा किंवा शिरूर-कासार येथील लहान दुकानांत ती आठवड्यांतून एकदां लागेल. लहान दुकानदार हमालांस कमी रोज देत असूनहि त्याचा पोत्यामागचा खर्च अधिक असूं शकतो.

म्हणून लहान दुकानदार पोत्यामागें दर ठरविणें पसंत करितो. गाडी न आली तर त्याचें कांहीं जात नाहीं. तें नुकसान मग कोठें जातें? तें हमालाकडे जातें. पावसानें रस्ता अडला, कारखान्याकडून माल सुटला नाहीं, गिऱ्हाईकाकडे पैसे आले नाहींत, कीं टोळी दिवसभर झाडाखालीं बसून राहते व संध्याकाळीं रिकाम्या हातीं घरीं जाते. रोजंदारींत रिकाम्या दिवसाचा बोजा दुकानावर पडतो. पोत्याच्या दरांत तो चुलीवर पडतो. दर ठरवितांना हमाल जें चार आणे अधिक मागतो, त्यांत या रिकाम्या दिवसांची भरपाई असते, आणि ती घासाघीस करणाऱ्या गृहस्थास दिसत नाहीं.

आतां पोत्याच्या किंमतींत हमालीचा भाग केवढा, तें पाहूं. करापूर्वीं पोत्याची किंमत २८० रुपये धरा व प्रत्येक उचलीस ५ रुपयांप्रमाणें तिन्ही उचलींचे १५ रुपये धरा. सिमेंटवर २०१७ सालापासून वस्तु व सेवा कर शेंकडा २८ होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शेंकडा १८ करण्यांत आला. पहिल्या दरानें कर ७८ रुपये ४० पैसे होतो, दुसऱ्यानें ५० रुपये ४० पैसे. फरक २८ रुपयांचा. म्हणजे कराच्या एका निर्णयानें पोत्यामागें जो फरक पडला, तो तिन्ही उचलींच्या एकंदर हमालीच्या जवळजवळ दुप्पट आहे. सकर किंमतीशीं, म्हणजे ३३० रुपये ४० पैशांशीं, ताडून पाहिल्यास हमाली शेंकडा साडेचार रुपयेच भरते. तरी वादाचा सारा भर या साडेचारांवर. कारखानदार व सरकार यांच्याशीं घासाघीस करण्याची सोय नसते आणि हमाल समोर घाम पुसत उभा असतो, एवढेंच याचें कारण आम्हांस दिसतें.

हा भाग पूर्वीं केवढा होता? येथें थोडें मागें गेलें पाहिजे. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्र राज्यांत आला. त्या जुन्या काळीं खेड्यांत घर बांधावयाचें तर दुकानांत जाण्याचें फारसें कारणच नसे. दगड गांवच्या खाणींतला, माती पांढरीची, तुळया बाभळीच्या किंवा निंबाच्या, आणि वर माळवद. ज्यास ऐपत असे तो चुन्यांत बांधकाम करी. गोल चर खणून त्यांत दगडी चाक बैलांकडून फिरवीत; भाजलेला चुना व वाळू त्यांत तासन् तास मळली जाई. हीच चुन्याची घाणी. अशा भिंतीची किंमत म्हणजे बहुतांशीं मजुरीच होती. दगडाला मोल नव्हतें, तो फोडण्याला होतें. मातीला मोल नव्हतें, ती तुडविण्याला होतें. मजुरीचा खर्च भिंतीच्या आंत होता. पावतीवर येण्यास पावतीच नव्हती.

दुकान आलें तें पत्रा, शहाबादी फरशी व सिमेंट यांच्याबरोबर. हिंदुस्थानांत सिमेंटचा व्यापारी कारखाना पोरबंदर येथें १९१४ च्या सुमारास चालूं झाला. पुढें हैदराबाद संस्थानांतच शहाबाद येथेंहि कारखाना निघाला, आणि १९३६ सालीं अनेक सिमेंट कंपन्या एकत्र होऊन असोसिएटेड सिमेंट कंपनी झाली. स्वातंत्र्यानंतर बराच काळ सिमेंटची किंमत व वांटप यांवर सरकारचें नियंत्रण होतें. परवाना काढावा, तो घेऊन दुकानीं जावें, माल आला असेल तर आपली बैलगाडी लावावी, आणि आपल्याच माणसांकडून भरून न्यावा, असा तो क्रम होता. माल दुर्मिळ असला म्हणजे विकणारा गिऱ्हाईकाच्या दारीं जात नाहीं. नियंत्रण फेब्रुवारी १९८२ मध्यें अंशतः व मार्च १९८९ मध्यें पूर्णपणें उठलें. मग एका रस्त्यावर चार दुकानें झालीं, चौघांकडे तोच माल, जवळजवळ तोच भाव. तेव्हां गिऱ्हाईक ओढावयाचें कशानें? ‘माल घरपोंच’ या पाटीनें. जी दुसरी व तिसरी उचल पूर्वीं गिऱ्हाईक स्वतः करीत असे ती आतां दुकानाच्या वहींत आली. हमालीची ओळ लांबली यांत दराच्या वाढीइतकाच या बदलाचाहि वांटा आहे, असें आमचें मत आहे.

तरी दर वाढलेच, हें खरें. आणि ते कां वाढले याचें कारण मोठें मनोरंजक आहे. १९६६ सालीं विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं नाटक, संगीत इत्यादि कलांच्या खर्चाविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्यांतील विचार असा: चार वादकांनीं मिळून वाजवावयाच्या एखाद्या रचनेस शंभर वर्षांपूर्वीं चारच माणसें लागत व आजहि चारच लागतात, वेळहि तितकाच लागतो, परंतु कारखान्यांत मात्र यंत्रांमुळें एका माणसाच्या हातून पूर्वीच्या कितीतरी पट माल निघतो. कारखान्यांत वेतन वाढलें तरी तें अधिक मालावर वांटलें जातें. वादकास तेवढें वेतन न द्यावें तर तो वाजविणें सोडून दुसरें काम धरील, आणि द्यावें तर तें वांटावयास अधिक माल नाहीं. म्हणून संगीत महाग होत जातें. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर कीर्तनांतील मृदंग्याचें घ्या. दुप्पट वेगानें वाजवून तो एका रात्रीं दोन गांवचीं कीर्तनें उरकूं शकत नाहीं. न्हाव्याचें तसेंच. आम्हां शिक्षकांचेंहि तसेंच. चाळीस मुलांच्या वह्या तपासण्यास आमच्या गुरुजींना जितका वेळ लागे तितकाच आम्हांस लागतो.

हा नियम आतां सिमेंटच्या पोत्यास लावून पाहा. कारखान्यांत पोतें भरण्याचें फिरतें यंत्र तासास दोन हजारांहून अधिक पोतीं भरतें. देखरेखीस थोडीं माणसें पुरतात. तेथें पगार दुप्पट झाला व माल चौपट निघाला तर पोत्यामागें मजुरी निम्मी होते. परंतु तेंच पोतें बीडमध्यें उतरलें म्हणजे काय? मेट्रिक मापें येण्यापूर्वीं तें ११२ पौंडांचें, म्हणजे किलोंत सुमारें ५१ चें असे. आतां ५० चें आहे. तागाचें होतें तें प्लॅस्टिकचें झालें. माणसाची पाठ मात्र तीच. आजोबा एका खेपेस एक पोतें नेत, नातूहि एकच नेतो. नातवास आजोबांच्या कितीतरी पट रुपये मिळतात, पण ते वांटावयास पोतें एकच आहे. दुकानदार लबाड झाला नाहीं, हमालहि आळशी झाला नाहीं. उचल जशीच्या तशी राहिली आणि भोंवतालचें जग वेगानें पुढें गेलें.

मग हमालाचा दर ठरवितो तरी कोण? आमच्या जिल्ह्यापुरतें उत्तर द्यावयाचें तर तो बव्हंशीं ऊस ठरवितो. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतून लाखों माणसें ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडास परत येतात. नवरा व बायको मिळून एक कोयता. तोडणीचा दर टनावर असतो. साखर कारखान्यांचा संघ व कामगारांच्या संघटना यांच्यामधील करारांनीं तो २०२० सालीं शेंकडा १४ वाढून सुमारें २७३ रुपये झाला, व जानेवारी २०२४ मध्यें शेंकडा ३४ वाढून सुमारें ३६६ रुपये झाला. एका कोयत्यानें दिवसास दोन टन ऊस तोडिला तर ७३२ रुपये, म्हणजे माणशीं ३६६. दीडच टन तोडिला तर माणशीं साडेचौऱ्याहत्तर अधिक दोनशें. हें आंकडे मनांत धरूनच मोंढ्यांतला हमाल दुकानदाराशीं बोलतो. शिवाय तेथें मुकादमाकडून हंगामापूर्वींच एकरकमी आगाऊ पैसे मिळतात. हीच ती दुसरी ‘उचल’. मुलीचें लग्न, दवाखाना, पेरणीचें कर्ज यांना रोजचे पांचशें उपयोगी पडत नाहींत. त्यांना एकदम रक्कम लागते. ती दुकानदार देऊं शकत नाहीं, म्हणून चांगला हमालहि दिवाळीनंतर फडावर जातो, आणि ऐन बांधकामाच्या दिवसांत मोंढ्यांत माणूस मिळेनासें होतें. त्या महिन्यांत जे मागें राहतात त्यांस अधिक दर मिळतो. ती आगाऊ रक्कम फेडतां फेडतां पुढचा हंगाम येतो व कुटुंब पुनः बांधलें जातें, ही गोष्ट आमच्या वर्गांतील नोव्हेंबरनंतरच्या रिकाम्या बांकांवरून आम्हांस दरवर्षीं कळते.

दुसरा आधार सरकारी कामाचा. १९७२ च्या दुष्काळांत मराठवाड्यांतील असंख्य लोक खडी फोडण्यास व रस्त्यांवर माती टाकण्यास बसले. त्यांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला, व पुढें २००५ सालीं सबंध देशासाठीं तसा कायदा झाला. त्या राष्ट्रीय कायद्याखालीं महाराष्ट्रांतील रोज २०१२-१३ सालीं १४५ रुपये होता व २०२५-२६ सालीं ३१२ रुपये होता. तेरा वर्षांत सव्वादोन पटीच्या जवळ! चक्रवाढीचें गणित वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं करून पाहावें. दरसाल शेंकडा सुमारें ६ येतात. पण येथें सावध असलें पाहिजे. हा रोज शेतमजुरांच्या जीवनखर्चाच्या निर्देशांकास बांधिलेला होता. म्हणजे ज्वारी, डाळ, तेल, कापड जसें महागेल तसा तो वाढवावयाचा. रुपये दुपटीहून अधिक झाले तरी त्यांत येणारी भाकरी फारशी वाढली नाहीं. पैशांतील मजुरी व खरी मजुरी यांतला भेद पुस्तकांत आम्ही दोन ओळींत शिकवितों; तो १४५ व ३१२ या दोन आंकड्यांत अधिक चांगला कळतो.

कायद्यानें हमालाच्या दराकडे पाहिलें तें दोन बाजूंनीं. किमान वेतनाचा कायदा १९४८ सालचा; त्याची जागा आतां २०१९ च्या वेतन संहितेनें घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. पण हमालास धनी एक नसतो. सकाळीं एका दुकानीं, दुपारीं दुसऱ्या, संध्याकाळीं गिऱ्हाईकाच्या दारीं. त्याची रजा कोणीं द्यावी, त्याचा भविष्यनिर्वाह निधि कोणीं भरावा? पुण्यांत बाबा आढाव यांनीं १९५५ सालीं हमाल पंचायत स्थापिली; मुंबईंत अण्णासाहेब पाटील यांनीं माथ्यावर ओझें वाहणाऱ्या माथाडी कामगारांस संघटित केलें; आणि १९६९ सालीं महाराष्ट्रानें माथाडी व हमाल कामगारांचा कायदा केला. त्याच्या अनुसूचींत लोखंड-पोलादाच्या बाजारांतील व दुकानांतील चढउतार, थप्पी लावणें, वजन करणें हीं कामें आहेत. या कायद्याची युक्ति सुंदर आहे. दुकानदार मजुरी व तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही एका मंडळाकडे भरतो. मंडळ मजुरी हमालास देतें आणि लेव्हींतून त्याचा निधि, बोनस, रजा यांची तरतूद करितें. धनी अनेक असले तरी म्हातारपणाची पेटी एकच.

लेव्ही भरली कीं पोत्यामागचा खर्च वाढतो, यांत संशय नाहीं. आणि जेथें नोंदणी झालेली नाहीं तेथें हमाली स्वस्त दिसते. ती खरोखर स्वस्त असते काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें १९६७ सालीं शिफारस केली कीं प्रौढ पुरुषानें उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंहून अधिक असेल तर ती कमी करण्याचे उपाय योजावे. आमचें पोतें त्या रेषेच्या पांचच किलो खालीं आहे. वरच्या उदाहरणांतील टोळी दिवसास चारशें पोतीं उतरविते, म्हणजे प्रत्येकाच्या पाठीवरून शंभर पोतीं, पांच टन. घामानें भिजलेल्या मानेवर सिमेंटची पूड बसली म्हणजे ती चुन्यासारखी कातडी खाते. असें काम वीस वर्षें केलेल्या माणसाची कंबर व गुडघे यांची झीज कोठल्याहि पावतीवर येत नाहीं. पण ती कोणीतरी भरतोच: चाळिशींतच काम सुटलेला बाप, त्याच्या जागीं दहावी न होतां उभा राहिलेला मुलगा, दवाखान्यासाठीं विकलेली शेळी. लेव्ही नसली म्हणजे खर्च नाहींसा होत नाहीं. दुकानाच्या वहींतून निघून हमालाच्या घरीं जातो. पालकांपैकीं जे दुकानदार आहेत त्यांचें म्हणणेंहि आम्ही ऐकिलें आहे. शेजारचा लेव्ही भरीत नाहीं व मीं भरिली तर माझें पोतें महाग होईल, असें ते म्हणतात. आणि त्यांत तथ्य आहे. एकट्यानें पाळावयाचा नियम बाजारांत टिकत नाहीं. सर्वांनीं पाळला तर बोजा पोत्यामागें कांहीं रुपयांचा, आणि कराचे २८ रुपये कमी झाल्याचें आपण वर पाहिलेंच आहे.

सगळ्याच मालाची गोष्ट सारखी नाहीं. १९७२ सालीं हातोडीनें फोडलेली खडी आतां यंत्र फोडतें. गेवराईकडे गोदावरीच्या पात्रांतील वाळू पूर्वीं फावड्यानें व घमेल्यांनीं गाडींत भरीत. वर काढलेल्या तीनशें घमेल्यांचें काम आतां यांत्रिक फावडें थोडक्या मिनिटांत करितें, आणि मालमोटार मागचा हौदा उचलून ती दारांत ओतून जाते. वाळू महागली ती इतर कारणांनीं. तिच्यांतील हमाली जवळजवळ उरली नाहीं, आणि ज्या टोळ्या त्यावर जगत त्यांस दुसरें काम पाहावें लागलें. एकाच दुकानाच्या अंगणांत वाळूची मजुरी खालीं जाते व कोठारांत सिमेंटची वर चढते. मोठ्या शहरांत तयार काँक्रीट गाडींतून येतें, तेथें पोतेंच नाहीं. आपल्या गल्लीबोळांत व वाडीवस्तीवर मात्र पोत्याला अजून पर्याय दिसत नाहीं.

१७ सप्टेंबर २०२५ रोजीं अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे सुरूं झाली. बीड शहरास आगगाडी पहिल्यानेंच दिसली. आतां सिमेंट व लोखंड स्वस्त होईल असें पुष्कळांस वाटतें. दूरच्या मालास रेल्वेचें भाडें सडकेपेक्षां कमी पडतें हें खरें. परंतु मालमोटार कारखान्यांतून निघते ती थेट दुकानाच्या दारीं थांबते, आणि मालगाडी स्टेशनावर थांबते. तेथें पोतें डब्यांतून उतरवावें लागतें, पुनः मोटारींत भरावें लागतें. तीन उचलींच्या पांच झाल्या. आपल्या उदाहरणांतील दरानें पोत्यामागें १० रुपये वाढले. भाड्यांत दहांहून अधिक वांचले तर रेल्वे स्वस्त, नाहींतर नाहीं. जालन्याची सळई बीडला येते तेवढ्या थोड्या अंतरास हें गणित रेल्वेच्या विरुद्ध जाण्याचाच संभव अधिक. लांबच्या सिमेंटास तें अनुकूल पडेल.

सुटींत करण्यासारखें एक काम सुचवितों. ज्यांच्या घरीं किंवा शेजारीं बांधकाम झालें असेल त्यांनीं जुन्या पावत्या शोधाव्या. बहुतेक घरांत त्या ट्रंकेच्या तळाशीं जमिनीच्या कागदांबरोबर असतात. वहींत चार रकाने आंखावे: साल, पोत्याची किंमत, पोत्यामागें हमाली, आणि त्या सालीं ज्वारीचा किलोचा भाव. शेवटचा भाव आजीला किंवा आडतीच्या जुन्या पट्टीला विचारावा. मग हमालीला पोत्याच्या किंमतीनें भागून शेंकडेवारी काढावी, व शंभर पोत्यांच्या हमालींत किती किलो ज्वारी येत असे तें काढावें. ज्यांच्या घरीं पावती नाहीं पण पोतीं उचलणारा माणूस आहे, त्यांनीं त्यालाच विचारावें. त्याच्या लक्षांत सालें नसतील, पण कोणत्या दुष्काळांत, कोणाच्या लग्नाच्या वर्षीं पोत्याला काय मिळत होतें तें तो चुकल्यावांचून सांगेल. शाळा उघडल्यावर या वह्या गणिताच्या तासास आणाव्या. सर्वांचे रकाने फळ्यावर एकाखालीं एक मांडून आपण त्यांचा आलेख काढूं.